डुगडुग म्हणे!

३ जानेवारी, शनिवार

उजवं मनगट अजून सुजलेलं. कल्लाप्पाण्णा एवढं लांब नाव लिहिताना कळ येते. इथून पुढे मालकाला क.अ.

आज क.अ.नं कामाच्या शेडात मला आणि त्याच्या मुलीला, श्वेताला, समोर बसवलं. चाक तयार झालं आहे. एकच चाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पट्ट्या, बॅटरीवर चालणारं. पुढं झुकलं की पळतं, मागं झुकलं की थांबतं. मोटर-बॅटरी बाहेरची, वरचं कवच इथं बेळगावात ओतलेलं, जुळणी माझी. पडणंही माझंच. दुसरं कोण चालवून बघणार? क.अ.ची ढेरी नाही म्हणते.

पुढच्या महिन्यात निपाणीत दुकान उघडायचं आणि चाकाला अजून नाव नाही.

"भरत्या, तू रोज वहीत लिवतोस. तुला शब्द ठावं असत्यात. नाव काढ एक."

नववीत शाळा सोडलेल्या माणसाला हे काम दिलं. आनंद झाला, तोही लिहून ठेवतो.

५ जानेवारी, सोमवार

नावं नेली. सुवाच्य अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासून. एकरथ. पवनचक्र. गरुडझेप.

क.अ. वाचून म्हणाला, "हे लग्नाच्या हॉलाचं नाव वाटतंय. आन् गोकाकच्या, चिकोडीच्या माणसाला म्हणता यील व्हय?"

मग मी कन्नड काढलं. मिंचू. म्हणजे वीज चमकते ती.

"आन् निपाणीत मिंचू लावून बसू? दुकानाची फुटलेली काच तू भरणार?"

श्वेतानं दोन-तीन इंग्रजी नावं सांगितली. क.अ. म्हणाला असल्या नावाच्या चपला मिळतात.

म्हणजे मराठी नको, कन्नड नको, इंग्रजी नको. मग राहिलं काय? हे मी मोठ्यानं विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

९ जानेवारी, शुक्रवार

चाक घेऊन इथल्या अनगोळ भागात फिरलो. कोपऱ्यावर भाजी विकणारी गंगाक्का परत ओरडली, "आला गं बाई डुगडुग्या!" मागून सगळी पोरं.

हे तिनंच सुरू केलं. पहिल्या आठवड्यात मला तोल सांभाळता येत नव्हता, दोन्ही हात पसरून, मान हलवत जायचो. एकदा तिच्या मेथीत पडलो. तेव्हापासून डुगडुग्या. आता मी सरळ जातो. गटाराच्या कडेनं जातो. चहाची किटली हातात धरून गेलो आहे, थेंब सांडला नाही. तरी डुगडुग्या!

आज थांबून सांगितलं, "आक्का, माझं नाव भरत हाय."

"आसंल की," म्हणाली, "कोथिंबीर घेतोस काय?"

लोकांना वाटेल एवढं काय. पण आमच्याकडं नाव पडलं की पडलं. आज्जा एकदा पिसाळलेल्या म्हशीला भिऊन धान्याच्या कणगीत लपला. कागदावर आम्ही पाटील, पण गावात कणगे. पोस्टमनसुद्धा "कणग्याचा भरत हाय का घरात?" विचारतो. आज्जा गेला. म्हैसही गेली. कणगी आहे.

१२ जानेवारी, सोमवार

क.अ. स्वतः अनगोळात आला, रस्त्यावर चाक कसं चालतं बघायला. मी एकदम नीट चालवलं. वळणं, चढ, खड्डा. तो माझ्याकडं बघतच नव्हता. पोरांकडं बघत होता. डुगडुग डुगडुग डुगडुग. अर्धी पोरं मराठी घरातली, अर्धी कन्नड, सगळी एका सुरात.

क.अ.नं मांडीवर थाप मारली. "गावलं!"

मी चाकावरून उतरलो. म्हटलं, काय गावलं?

"आरं, ह्यात कन्नड न्हाय, मराठी न्हाय, कुनाच्या बापाचं काय न्हाय. तोंडात घातलं की फिरतंय. डुगडुग!"

मी म्हटलं, अण्णा, जे चाक डुगडुगत नाही त्याला डुगडुग कसं म्हणायचं? डुगडुगलो मी. चाकानं काय केलं?

"लई डोकं लावतोस तू. लोक हसत्यात. हसत्यात म्हंजे ध्यानात ऱ्हातंय."

चिकोडीच्या डीलरला तिथूनच फोन लावला. तो पलीकडून एवढा हसला की मला इथं ऐकू आलं. "छलो ऐति, छलो ऐति." चांगलं आहे म्हणे. झालं. ठरलं.

नावांची वही माझ्या खिशातच होती.

१४ जानेवारी, बुधवार

तिळगूळ द्यायला क.अ.च्या घरी गेलो. आज भांडायला नको म्हणून गप्प बसलो. काकूंनी वाटी पुढं केली आणि म्हणाल्या, "घे रं डुगडुग." प्रेमानं म्हणाल्या. तेच वाईट.

१७ जानेवारी, शनिवार

आता मात्र हद्द झाली.

मी चाक शिकताना श्वेतानं काढलेले मागचे व्हिडिओ जोडून तिनं मोबाईलवर टाकले. मला न विचारता! मी पडतो, मी परत पडतो, मेथी, गंगाक्का, पोरांचा आवाज. खाली ठळक अक्षरात: डुगडुग येतंय निपाणीत.

सकाळी गावाहून आईचा फोन. "आरं, तू बेळगावात काम करतोस का तमाशा?" मी समजावलं की कामच आहे. ती म्हणाली, "तुझा आज्जा परवडला. त्यो घरात लपलाता. तू रस्त्यात पडलास, ते बी फोनात." मग आवाज बारीक करून, "संकेश्वरच्या पाव्हण्यांनी बी बघितलंय म्हणं."

संकेश्वरला डिसेंबरात मुलगी बघून आलो होतो. पद्मश्री. बोलणं चांगलं झालं होतं. तिच्या वडिलांचा निरोप यायचा आहे. आता कसला निरोप येतो!

श्वेताला विचारलं, हे का केलं? म्हणाली, "भरतदादा, लोकांस्नी लई आवडलंय. तुम्ही फेमस." तिच्या चेहऱ्यावर खरोखर आनंद होता. जेवलो नाही.

१९ जानेवारी, सोमवार

पद्मश्रीचा फोन. स्वतः केला. मी आधीच सांगून टाकलं की ते जुने व्हिडिओ आहेत, आता मी व्यवस्थित चालवतो.

"कळलं की ते. पडल्यावर तुम्ही आधी चाकावरनं हात फिरवला, मग गुडघा बघितला."

"चाक महाग असतं."

"व्हय का," म्हणाली आणि हसली. हसण्यासारखं मी काहीच बोललो नव्हतो.

मी विचारलं, तुमच्या आप्पांचं काय मत?

"आप्पांनी दोनदा बघितला. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा हसले न्हाईत. गप बसून बघत हुते. काय ठरवलंय ते सांगत न्हाईत."

दुसऱ्यांदा का हसले नाहीत? हे चांगलं की वाईट? तिला विचारलं तर म्हणाली, "मला काय ठावं? तुम्हीच या आणि विचारा." मग म्हणाली, "पर तुम्हाला त्या नावाचा एवढा राग का?"

मी सगळं सांगितलं. एकरथापासून तिळगुळापर्यंत. निदान एकदा विचारायला पाहिजे होतं, असं म्हटलं.

"मग राग नावाचा न्हायच. न विचारल्याचा हाय."

मला तिचाही राग आला. एवढं सोपं करून टाकलं. माझे किती दिवस गेले.

२२ जानेवारी, गुरुवार

आज बोललो.

शेडात नावाचे स्टिकर आले. पिवळ्यावर काळं, कन्नड वर, मराठी खाली. अक्षरं नीट होती, ती चूक काढायचीही सोय ठेवली नव्हती. क.अ. म्हणाला पहिल्या चाकावर तू लाव, तुझा हात सरळ आहे. मी स्टिकर बाकावर ठेवला आणि म्हटलं, मी लावणार नाही. निपाणीत चाक चालवणारही नाही.

"का रं? अंगात आलंय व्हय? नाव काय तुझ्या बापाचं हाय?"

"माझं हाय," मी म्हटलं.

पुढचं आपोआप आलं. म्हटलं, अण्णा, गंगाक्कानं ते मला ठेवलं, चाकाला नाही. हाक मारतात ती मला मारतात. गुडघे माझे फुटले. तुम्ही माझी दारातली सायकलसुद्धा विचारून नेता, हे नाव उचलताना विचारलं नाही. जन्मभर मला ते चिकटणार, आणि तुमच्या दुकानावर पाटीसारखं लटकणार.

श्वेता मोबाईल खाली ठेवून ऐकत होती. क.अ.नं स्टूल ओढलं, बसला. बाकावरचा स्टिकर उचलून बघितला. मला वाटलं, गेली नोकरी.

मग म्हणाला, "बरं. तुझं हाय तर तुझं हाय. देतोस का?"

एवढंच. चेष्टेत नाही म्हणाला. हात जोडले नाहीत, पण आवाज तसा होता.

एवढे दिवस विचारलं नाही म्हणून जळत होतो, विचारल्यावर तोंडाला कुलूप. नाही म्हणायला किती सोपं होतं. विचार करून सांगतो म्हणालो.

"किती इचार?"

"करतोय की."

क.अ.नं स्वतः स्टिकर चाकावर लावला, वाकडा लावला, आणि वरून जुनं वर्तमानपत्र चिकटवलं. "तू सांगस्तवर कागूद ऱ्हाऊ दे. न्हाय म्हटलास तर आतलं नाव ओरबडून टाकू." एवढं रागवायचं ठरवून गेलो होतो, त्यातलं अर्धं अजून अंगातच आहे.

१ फेब्रुवारी, रविवार. निपाणी.

दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लिहितो आहे. बाहेर मांडव, पेढे, माईक. चाक मधोमध टेबलावर. कागद अजून आहे.

क.अ. दोनदा आत डोकावून गेला. पद्मश्री वडिलांना घेऊन आली आहे. ते पहिल्या रांगेत बसले आहेत, हातातला पेढा खाल्लेला नाही. त्यांच्याकडं मी मुद्दाम बघितलं नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून हो किंवा नाही म्हणायचं नाही, एवढं ठरवलं आहे.

पण बाहेर गर्दी वाढते आहे आणि लोक काही थांबायला तयार नाहीत. व्हिडिओ बघितलेल्यांना वाटतं नाव बदललं, बाकीच्यांना झाकलेलं नाव माहीत नाही, मग जो तो आपलंच ठेवतो आहे. एक म्हातारा म्हणाला, पत्र्याचा तवा. एक बाई म्हणाली, ह्या स्टुलावर बसलं की पडंल. आता पोरांनी धरलं आहे: "डबा! डबा! डबा कवा पळणार?" माईकवाल्यानंही हसून तेच म्हटलं, "मंडळी, आपला डबा थोड्याच वेळात..." लोक टाळ्या वाजवत आहेत.

डबा? ज्याच्यावर किटलीतला थेंब सांडत नाही, ज्याचा एकेक बोल्ट मी हातानं आवळला, त्याला डबा? ह्या लोकांना कुणी विचारलं? अजून पाच मिनिटं अशीच गेली तर तेच पडणार. पडलं की पडलं.

क.अ. तिसऱ्यांदा दारात. "भरत," म्हणाला. भरत्या नाही.

उठतो.