रंगेल सरदाराचा पार्ट

३ नोव्हेंबर १९२६
मिलच्या साहेबांच्या बंगल्यावर हजेरीबुक घेऊन गेलो. फोनोग्राफवर इटालियन संगीत नाटक चालू होते. साहेबांनी गोष्ट सांगितली. एक रंगेल सरदार हजारांवर बायका नादी लावतो, नोकर त्यांची यादी ठेवतो. शेवटी एका मेलेल्या माणसाच्या दगडी पुतळ्याला हा जेवायला बोलावतो. पुतळा खरेच येतो आणि त्याला नरकात ओढून नेतो.
हे आमच्या भवानी पेठेच्या नाट्यमंडळात करायचे. मेन पार्ट अर्थात माझा.

६ नोव्हेंबर
पार्टात शिरण्यासाठी स्वतःची यादी केली. तानाबाई भाजीवाली : एक वांगे जास्त घातले. पोस्टमास्तरांची मेहुणी : शिंकली, पण माझ्याकडे बघून. एकूण सात. दोन डाउटफुल.

९ नोव्हेंबर
यादी आमच्या सोजरला सापडली. तिने ती शेजारच्या अंबुबाईंकडून वाचून घेतली. अंबुबाई स्वतः तिसऱ्या नंबरला.
सोजर मंगळवेढ्याला माहेरी गेली. आठ दिवसांत येईल.

१८ नोव्हेंबर
आली नाही. भाकरी जमत नाही. अंबुबाई मला बघून दार लावतात.
निश्चय : रोज पहाटे रियाज. उद्यापासून, आज घसा बरा नाही.

२१ नोव्हेंबर
तालीम. नायिका सिद्धाराम. वडील जिवंत असताना मिशा काढणार नाही म्हणतो. पुतळा मल्लप्पा पैलवान. वाक्ये तीन, त्यातली दोन विसरतो.

२६ नोव्हेंबर
सोजरला तिसरे पत्र. पहिल्यात हुकूम, दुसऱ्यात समजूत, तिसऱ्यात नुसते 'ये'.
सासरे आप्पा बाजाराला आले होते. म्हणाले, "सात बायांचं तिला कायबी न्हाय. हसत हुती की. पर त्यात आपलं नाव न्हाय म्हून रडली."
ताबडतोब आठव्या नंबरला घातले. तसे कळवले.

२९ नोव्हेंबर
आठव्या नंबरचा उपयोग झाला नाही. पत्रच परत आले.
घर फार मोठे वाटते. दोन खोल्या आहेत.

१ डिसेंबर
नामी आयडिया! तिला नाटकालाच बोलवायचे. माझे पद ऐकले की विरघळेल. पास पाठवले. घसा बसलाय. खडीसाखर.

५ डिसेंबर, रविवार, दुपारी ३
आली! आप्पांबरोबर. बायकांच्या बाजूला, दुसऱ्या रांगेत. आज जिंकणार.

६ डिसेंबर
लिहिणार नव्हतो.
प्रेमाच्या पदाला आवाज फुटलाच नाही. नायिकेच्या मिशांना पब्लिक हसले. मग मल्लप्पा आला, एकही वाक्य न बोलता माझे मानगूट धरले आणि फरफटत नरकात नेले. थिएटर दणाणले. वन्स मोअर! पुन्हा नेले. पुन्हा वन्स मोअर! मल्लप्पा कानात म्हणाला, "लागतंय का?" मी हो म्हणालो. तरी नेले.
तिसरा वन्स मोअर एकाच बाईचा होता. आवाज ओळखीचा.

७ डिसेंबर
गाडीअड्ड्यावर सोजरला गाठले. माझा पाय सुजलेला. घरी चल म्हणालो, हात जोडले, लोक बघत होते. ती पदराआड हसत होती. लग्नानंतर तिला इतके हसताना पाहिले नव्हते.
म्हणाली, "पुन्यांदा खेळ कवा हाय?"
"येत्या रविवारी."
"मग रविवारी येते की."
गाडी गेली.

८ डिसेंबर
मंडळाने खेळ बंद केला. खूप विनवले. नाही म्हणाले.
कुस्तीच्या तालमीत जाऊन मल्लप्पाला विचारले, रविवारी आमच्या घरी येऊन मला दोनदा ओढशील का.
म्हणाला, "वयनी म्हणतील तितक्यांदा."