कैरी, पृथ्वी आणि पान सतरा

मुक्काम एटापल्ली तालुका,
१९ एप्रिल

चि. साधना हिस,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. माझी प्रकृती उत्तम आहे. प्रतिष्ठेविषयी खाली लिहितो.

प्रथम घटना, क्रमाने. एक : माझी ‘पृथ्वी, हवामान आणि समाज’ ही विद्यार्थी-पुस्तिका छापण्यापूर्वी एका शाळेत शिकवून पाहावी आणि शाळा समितीच्या अध्यक्षांचा सहीनिशी अभिप्राय जोडावा, अशी प्रकाशकाची अट आहे. दोन : त्यासाठी मी सोमवारी या जंगलातल्या गावी आलो. तीन : पृथ्वीचे अंतरंग दाखवण्यासाठी शाळेमागच्या झाडाची कैरी तोडून वर्गात कापली. (केवळ कापली.) साल म्हणजे भूकवच, गर म्हणजे प्रावरण, कोय म्हणजे गाभा. चार : वर्ग श्वास रोखून बसला. ही एकाग्रता होय, असा मी निष्कर्ष काढला. पाच : तो चुकीचा होता.

इथे आंब्याचा पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय कैरीला कोणी हात लावत नाही, आणि सणाला सहा दिवस बाकी होते. सातवीतली मंगली तेवढी हळूच म्हणाली, “गुर्जी, हे पृथ्वी अजून तोडाची नाई जी.” त्यात दुपारी गारपीट झाली. मी ओसरीवर उभा राहून, तापलेली हवा वर का चढते, थंडावून ढग कसा होतो, हे सविस्तर समजावले (आकृतीसह). मोहफुलांची टोपली झाकत असलेल्या सोमारीबाईंनी सगळे ऐकून घेतले. “ढगाचं तर तुमचं बरोबर हाये, गुर्जी. पन कैरी कोनं तोडली?”

या सोमारीबाईच शाळा समितीच्या अध्यक्ष आहेत, हे मला संध्याकाळच्या गावसभेत कळले. पुस्तिकेच्या पान सतरावर मी समाजरचनेचा त्रिकोण काढला आहे, तो तुला आठवतच असेल : शिखरावर विद्वान, तळाशी वनोपज गोळा करणारे. (समासात तू पेन्सिलीने ‘भाऊ, यात मी कुठं?’ असे लिहिले होतेस. तो मी आगाऊपणा समजलो होतो.) सभा गोल बसली होती. मी सवयीने शिखराकडची जागा शोधली; गोलाला ती नसते. गावचे प्रमुख कोलूभाऊ जमिनीवर हात थोपटून म्हणाले, “इथी बसा ना. उभे काऊन?” मी बसलो. निर्णय शांतपणे झाला : पंडुमपर्यंत गावातच राहावे, त्या दिवशी सर्वांसमक्ष माफी मागावी, मग सही. कोणी आवाज चढवला नाही, त्यामुळे मला वाद घालता आला नाही.

तुझा,
गुणवंतराव

ता. क. : मुद्रितशोधनासाठी तुझ्याकडे असलेले पान सतरा छापखान्यात जाऊ देऊ नकोस. गेले असल्यास स्वतः जाऊन परत आण. त्रिकोण मी पुन्हा काढीन. कर्कटक सोबत आहे.

ता. क. २ : वर ‘केवळ कापली’ असे लिहिले आहे. वर्ग सुटल्यावर गर मी मीठ लावून संपवला. सभेत हे कोणी विचारले नाही. माफी मागताना सांगावे की नाही, याचे उत्तर पंडुमआधी लेखी पाठव. फोन मुळीच करू नकोस. इथे तो फक्त सोमारीबाईंच्या अंगणात लागतो.