खाली बसलेली फौज

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, पुणे

ती विहीर डोळ्यांपुढून हलत नाही.

पण आधी सकाळचं. इंग्रज साहेबाचे मुन्शी मला सहा महिने इंग्रजी शिकवताहेत. आज ते तहाच्या कागदाचा मराठी तर्जुमा घेऊन दफ्तरात आले. त्यात लिहिलं होतं, 'मदतीची फौज'. मूळ इंग्रजी शब्द पाहिला, 'सब्सिडिअरी', तर सुरुवातीलाच 'सब्'. खटकलंच. 'सबमिट' म्हणजे मान तुकवणं, 'सबजेक्ट' म्हणजे सत्तेखालची रयत, 'सबॉर्डिनेट' म्हणजे हाताखालचा. सगळं त्यांनीच शिकवलेलं. मग या 'सब्'मधून मदत कुठून निघाली?

मुन्शींनी तपकीर ओढली. "लॅटिन आहे, पंत. मूळ अर्थ खाली बसणं. लढाईत मागे बसून राहणारे राखीव लोक. गरज पडली की उठतात, काम झालं की जातात."

"जातात हे शब्दात आहे, की तुम्ही घातलंत?"

पुन्हा तपकीर. रोज माझ्याकडे ठेवून जातात तो कोश आज काखोटीला मारून नेला. का?

आमचे दिवाणजी वैतागले. "अहो, फौज मिळते आहे ना? मग शब्द कसले चिवडत बसलात?"

तर्जुमा मुळाप्रमाणे आहे, ही ग्वाही दफ्तरात मीच द्यायची असते. 'असल बरहुकूम' असं लिहिलं आणि सही केली.

संध्याकाळी गारपिराच्या माळावरून आलो. मदतीच्या फौजेचे तंबू आधीच लागलेत. मधोमध त्यांची माणसं विहीर खणत होती. शेजारी चुन्याची घाणी फिरत होती, घडीव दगडांची रास पडली होती.

काम झालं की जाणाऱ्यांना एवढी पक्की विहीर कशाला लागते?

आणि सही तर माझी आहे.