बंदूक पोस्टानं पाठवली, त्याबद्दल

सर, मशीन शॉपमध्ये सगळे तुम्हाला पहिल्या नावानं हाक मारायचे, माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. मी ‘सर’ म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "सर माझा बाप होता, आणि तो मेला." तरी मी सरच म्हणत राहिलो. शिरोलीच्या एमआयडीसीत लेथवर सात वर्षं घासून मी मिनेसोटात आलो, तेव्हा मला वाटत होतं की काम येतं आपल्याला. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या हातातला मायक्रोमीटर काढून घेतलात आणि म्हणालात, "आधी ऐक, मग मोज." टूल धार सोडायला लागलं की आवाज बदलतो, बेअरिंग जायच्या आधी महिनाभर कण्हत असतं, हे तुम्ही शिकवलंत. माझे कान मुळातच तिखट. तुमच्यामुळे ते पोटापाण्याला लागले. आज इथे ईडन प्रेरी गावात माझं स्वतःचं शॉप आहे, अकरा माणसं आहेत, ते त्या कानांच्या जिवावर.

हरणाच्या शिकारीचा नादही तुमचाच. बायको म्हणाली होती, "मटण खाता ते ठीक आहे हो, पण हे काय नवीन खूळ?" मी हसण्यावारी नेलं. थंडीत पहाटे झाडाला पाठ लावून बसायचं, श्वाससुद्धा मोजून घ्यायचा, आणि तुम्ही एक बोट वर करायचात, म्हणजे डावीकडे ऐक. रिटायर होऊन मोंटानाला निघालात, त्या दिवशी तुमच्या स्वयंपाकघरातली भांडी निम्मी खोक्यांत गेली होती. टेबलावर तुम्ही वडिलांची रायफल ठेवलीत. तिचा अक्रोडी दस्ता तुमच्या वडिलांच्या गालानं एका जागी गुळगुळीत झालेला. "माझ्या मुलींना ही नको," म्हणालात, "आणि कपाटात ठेवायला मी तुला देत नाहीये. माझ्याकडे घेऊन यायचं. एकदा तरी." मी ‘हो’ म्हणालो. इतकं सोपं होतं ते.

मग न्यूयॉर्कचे टॉवर पडले. दोन वर्षं मी या ना त्या कारणानं टाळलं आणि तिसऱ्या वर्षी तुमचा फोन आला, "या शिकारीच्या सीझनला ये." त्याच्या महिनाभर आधी मी कामासाठी विमानानं गेलो होतो. रांगेत माझ्या मागचा माणूस बायकोला हळूच म्हणाला, "त्याच्या बॅगेकडे लक्ष ठेव." हळू म्हणजे त्याच्या मते हळू. बॅगेत माझी मापाची हत्यारं होती. मला बाजूला घेतलं, एकेक हत्यार कापडावर मांडलं, आणि जाणारे-येणारे बघत होते. कुणी वाईट बोललं नाही, पण त्यानंतर एअरपोर्टचा काउंटर माझ्या डोक्यात बसला. विमानानं बंदूक न्यायची तर कुलूपबंद पेटीत घालायची, किल्ली आपल्या खिशात ठेवायची, आणि काउंटरवर उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगायचं की माझ्याजवळ बंदूक आहे. हे वाक्य माझ्या तोंडून, माझ्या या चेहऱ्यानं, चारचौघांत! आरशासमोर म्हणून बघितलं मी. जमलं नाही.

मग धंदेवाल्याचं डोकं चाललं. पोस्टानं पाठवता येते, असं कळलं. आपली रायफल दुसऱ्या राज्यात आपल्याच नावानं पाठवायची, पत्त्यात ‘अमुक यांच्या घरी’ एवढं लिहायचं. अट एकच, ज्याचं नाव त्यानंच खोका उघडायचा. मी पेटी खोक्यात घातली, वर माझं नाव, खाली तुमचं घर. तुम्हाला फोनवर सांगितलं, "सर, हे सुटसुटीत पडतं. सामान कमी, धावपळ कमी." तुम्ही म्हणालात, "सुटसुटीत? स्वतःच्या बंदुकीबरोबर माणूस स्वतः जातो." मी हसलो. मला हसून वेळ मारून नेता येते, सगळ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे.

खोका पोचल्यावर तुमचा फोन आला. "आला तुझा खोका. स्टोव्हच्या बाजूला ठेवलाय, ऊबेत. ऐक, परत जाताना पोस्ट नाही. मी तुला एअरपोर्टला सोडतो, काउंटरवर तुझ्या शेजारी उभा राहतो. बोलायचं तूच. मी नुसता उभा राहीन." तुम्ही ओळखलं होतंत, सर. इतकं मऊ बोललात की दुसरा कुणी असता तर रडला असता. मला राग आला. शून्यातून उभा राहिलेला माणूस म्हणून मी मिरवायचो, आणि माझी भीती कुणीतरी अशी हातात धरून मलाच दाखवावी, हे सोसलं नाही. निघायच्या तीन दिवस आधी मी फोन केला. एक मोठं मशीन बंद पडलंय, येता येत नाही.

"कुठलं?" तुम्ही विचारलंत.

"मोठी मिलिंग. स्पिंडल गेलाय."

"बेअरिंग?"

"हो, तसंच दिसतंय."

"दिसतंय काय? आवाज कसा येतो? फोन धर मशीनजवळ, मला ऐकू दे."

मी ऑफिसात उभा आहे. काचेपलीकडे ती मिलिंग व्यवस्थित चालली आहे, सुरीनं लोणी कापावं तसं अ‍ॅल्युमिनियम कापते आहे. आणि मी तुम्हाला म्हणतोय, "आता बंद ठेवलीय, सर." तुम्ही गप्प झालात. त्या गप्प बसण्यात मला तुमचा श्वास ऐकू आला. आत घेताना बारीक शिट्टी, सोडताना खरखर. शिकार राहू दे, हा माणूस पुढचा सीझन बघणार नाही, हे मला त्याच क्षणी कळलं. कुणी सांगायची गरज नव्हती. आणि मी म्हणालो, "पुढच्या वर्षी नक्की." तुम्ही म्हणालात, "मशीन आधी. बरोबर आहे तुझं."

फेब्रुवारीत तुम्ही गेलात. मी तुमच्या घरी आलो तेव्हा खोका स्टोव्हच्या बाजूलाच होता, चिकटपट्टीसुद्धा हललेली नाही. तुमच्या मिसेस कॉफी ओतताना म्हणाल्या, "मी सांगितलं त्याला, तुझ्याच बापाची आहे, उघड आणि बघ एकदा. म्हणाला, नाव माझं नाही, तो येईल आणि उघडेल. शेजाऱ्यानं आपली रायफल देऊ केली, तर तीही नको म्हणाला. सीझन संपेपर्यंत रोज सकाळी बूट घालून या खुर्चीवर बसायचा." मग त्यांनी विचारलं, "तुझं मशीन झालं का दुरुस्त? त्याला फार काळजी होती त्याची."

"झालं," मी म्हणालो.

परत येताना रायफल विमानानंच आणली. काउंटरवरच्या मुलीनं जांभई दिली, एक कार्ड पुढे केलं, रायफल रिकामी असल्याची सही घेतली, पेटीचं कुलूप ओढून बघितलं. चार मिनिटं लागली असतील. मागच्या रांगेकडे मी कान दिला होता. एक बाई मुलाला सँडविच संपव म्हणत होती, बाकी काही नाही.

तुमच्या मिसेसना हे सगळं खरं सांगायला हवं, हे मला कळतं. त्या अजून दर नाताळाला कार्ड पाठवतात. माझं इंग्रजी आता चांगलं आहे, सर, कोटेशनं काय, तक्रारींची उत्तरं काय, सगळं मीच लिहितो. हे पत्र मी मराठीत लिहिलं, कारण इंग्रजीत लिहिलं असतं तर ते त्यांना पाठवावं लागलं असतं.