चार समुद्रकाकड्यांच्या मृत्यूबाबत खुलासा

प्रति,
मा. चौकशी अधिकारी,
सागरी पोषण अभियान कक्ष, महाड.

विषय: चार समुद्रकाकड्या बाळगल्याच्या व त्या दगावल्याच्या आरोपातून मुक्त करून अंगणवाडी उघडण्याबाबत.
संदर्भ: आपली दि. १५ सप्टेंबरची नोटीस.

महोदय,

मी पोलादपूर तालुक्यातील कापडे गावाच्या वरच्या वाडीत बारा वर्षे अंगणवाडी सेविका आहे. जुलैत महाडच्या प्रशिक्षणात आम्हाला सांगितले, की समुद्रकाकडीत प्रथिने भरपूर, चरबी नगण्य, आणि तिच्यातल्या द्रव्यांवर जखमा भरण्याच्या औषधासाठी संशोधन चालू आहे. ती भाजी नसून समुद्रतळाचा प्राणी आहे, हे सांगण्याआधीच जेवणाची सुट्टी झाली.

पुढे आलेल्या तक्त्यात 'मुलांना समुद्रकाकडी दिली काय?' असा रकाना होता. मी 'नाही' लिहिले. पर्यवेक्षिका विनोदिनी मॅडम म्हणाल्या, "मानसीताई, 'नाही' लिहिलंत तर सगळा तालुका मागे पडतो. काकडी देता ना? मग 'होय' लिहा." आमच्या मदतनीस गीताबाई यांच्या मांडवावरच्या काकडीची कोशिंबीर आम्ही देतच होतो. मी 'होय' लिहिले. ही चूक मला मान्य आहे. त्याबद्दल ऑगस्टमध्ये आपल्या सहीचे प्रशस्तिपत्र मिळाले.

ते पेपरात छापून आले. हा प्राणी कायद्याने संरक्षित असल्यामुळे ४ सप्टेंबरला जप्ती पथक आले. गीताबाईंनी विनवले, "साहेब, ही मांडवावरची हाय. हिनं समुद्र बघितलेला पण नाय." तरीही चार काकड्या मोहोरबंद करून नेल्या. पंचनाम्यात 'रंग हिरवा, हालचाल नाही, प्रतिकार केला नाही' अशी नोंद आहे. माझी सही घेतली व अंगणवाडीला कुलूप लावले.

पथकाने कपाटात ठेवलेल्या काकड्या आठवड्यात कुजल्या. आता आपल्या नोटिशीत 'ताब्यातील चारही प्राण्यांचा उपासमारीने मृत्यू' असे म्हटले असून, त्यांचा आहार मी वेळीच का कळवला नाही, याचा खुलासा मागितला आहे. महोदय, काकडीला काय भरवतात हे मला खरोखर माहीत नाही.

चौकशी आपण सवडीने करावी. मी पोलादपूर, महाड, म्हणाल तिथे हजर राहीन. कुलूप तेवढे काढावे. बावीस मुले रोज अकराला ताटल्या घेऊन पायरीवर येऊन बसतात. परवापासून गीताबाई व मी घरून भात नेऊन त्यांना तिथेच वाढतो. तो कोणत्या रकान्यात भरावा, तेही कळवावे.

चूक कबूल केलेली, गुन्हा न केलेली,
मानसी सुहास तांबे
दि. १९ सप्टेंबर २०२५

सोबत: प्रशस्तिपत्र व पंचनामा यांच्या प्रती.