सैल धरायची बंदूक

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला मला आता डोळे मिटून बसावं लागतं. तुझं बोलणं मात्र हातात काम असतानाही ऐकू येतं.

वडील वारल्यावर भावकीनं तुला कोपऱ्यात बसून रडायला सांगितलं, आणि तू त्यांच्या तीन छऱ्याच्या बंदुका गोणपाटात गुंडाळून मला घेऊन जत्रेला निघालीस. वाई, सातारा, पार जतपर्यंत. जत्रा नसली की आपण माधवनगरात, गिरणी सुटायच्या वेळेला. मागं पडद्यावर मातीचे पोपट टांगलेले. फोडील त्याला आरसा नाहीतर फणी. फोडणारे थोडेच, कारण बंदुका तू वाकड्या ठेवायचीस. एकीची माशी, म्हणजे नळीच्या टोकाचा नेम धरायचा खिळा, डावीकडं ठोकलेली, दुसरीची स्प्रिंग मेलेली. गिऱ्हाईक चुकलं की तू मोठ्यानं हसायचीस, आणि त्या हसण्यानं चिडून ते पुन्हा बंदूक मागायचं. मलाही तू तसंच, चटका देऊन शिकवलंस. छर्रा भरायला नळी मधून वाकवून स्प्रिंग ताणलेली असताना मी एकदा फटीत बोट घातलं. तू बघत होतीस, आणि तू चाप ओढलास. नळी खटकन मिटली, नख उपसून आलं. हळद दाबताना म्हणालीस, "आता पुन्यांदा सांगावं लागायचं न्हाई." लागलंही नाही.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराला तू पुण्याच्या जुन्या बाजारातून एक फौजी दुर्बीण आणलीस आणि सांगलीच्या लोहाराकडून तिसऱ्या बंदुकीवर बसवून घेतलीस. ही एक बंदूक सरळ ठेवायची, गर्दी ओढायला. पण सकाळी जुळवलेला नेम दुपारी वीतभर वर जायचा. तू लोहाराच्या सात पिढ्या उद्धरल्यास. मी वाळूच्या पोत्यावर बंदूक टेकवून एकेक गोष्ट पारखत बसले. छर्रे बदलून पाहिले, दस्त्याचे स्क्रू आवळले, आतल्या दट्ट्याच्या चामड्याला तेल दिलं. काही फरक नाही. मग दुर्बिणीच्या कडीपाशी खडूची रेघ मारली, आणि थोडे बार झाल्यावर दुर्बीण रेघ सोडून मागं सरकलेली दिसली. काडतुसाची बंदूक मागं दणका देते. ही स्प्रिंगची आधी मागं देते, मग पुढं, आणि त्या ओढाताणीत दुर्बीण जागा सोडत होती. कडीखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली, मागून अडसर बसवला. तरी माणसाच्या हातातून छर्रे पसरायचेच. त्याचंही कारण हळूहळू सापडलं. घट्ट आवळून धरली की ती बिथरते, तळहातावर सैल ठेवली की दर वेळी सारखीच उडते आणि छर्रे एका जागी जातात. तुला हे सांगितलं तेव्हा तू नुसती मान हलवलीस. शाबासकी तुझ्या तोंडात नव्हती, पण ऐकलेलं तू विसरत नव्हतीस.

पुढं जतच्या बाजूच्या एका जत्रेत एक मुलगा मला बघायला आला. साताऱ्याकडचा, घरचा ऊस, लढाईवरून सुखरूप परतलेला, बरोबर चुलता. मला तो आवडला. त्यानं पहिल्यांदा मला नाही, बंदुकीला निरखलं आणि विचारलं, "दुर्बीण कुनी जुळवली?" मी म्हटलं, "मी." तो हसला. चांगलं हसला. तेवढ्यात तू पुढं झालीस. "पावणं, तुमचा नेम तरी बघू द्या लोकांस्नी. मग बसू बोलायला."

बंदूक सरळ होती. सकाळीच मी जुळवली होती, आणि तू तिला हातही लावला नव्हतास. तू फक्त ती त्याच्या हातात देताना म्हणालीस, "फौजी गडी तुमी. खांद्यात घट्ट रोवा. सैल हातानं बायका धरत्यात."

सगळ्यांदेखत मी बोलले, "आवं, सैल धरा. तळहातावर नुसती ठिवा."

तो वळतो. मघाचं हसू कुठंच नाही. "लढाईत बंदूक धरलीया म्या. तू मला शिकीवणार व्हय?"

लोक हसतात. तो दस्ता खांद्यात रुतवतो, बोटं पांढरी होईपर्यंत. पहिला छर्रा पडद्यात, दुसरा त्याच्याही पल्याड. जितका चुकतो तितका जास्त आवळतो. एकही पोपट हलत नाही. आणि तू, कमरेवर हात ठेवून, सगळ्या जत्रेला ऐकू जाईल असं, "मग लढाई जिकली तरी कुनी, पावणं?"

चुलत्याची मान खाली गेली. फौजी म्हणाला बंदूक वाकडी आहे. तू ती त्याच्या हातातून काढून घेतलीस, तळहातावर सैल ठेवलीस आणि पहिल्याच बाराला पोपटाचा भुगा केलास. "बंदूक सरळ हाय," म्हणालीस. जाताना त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू हा डाव मायलेकींनी मिळून रचला होता.

संध्याकाळी बंदुका पुसताना मी म्हटलं, "तू त्याला मुद्दाम सांगितलंस."

"व्हय."

"का?"

"तू गेल्यावर ह्या बंदुका कोन जुळवंल? तुझा बाप?" मग दुसरी बंदूक पुसायला घेत, "आन् जो बंदुकीवरनं तुझं ऐकंना, त्यो घरात काय ऐकंल?"

कारणं दोन, पण पहिलं आधी बाहेर आलं, एवढं मी कधी विसरले नाही. बातमी गावोगाव फिरली. पुन्हा कुणी मला बघायला आलं नाही. मी तुझ्याबरोबर जत्रा केल्या, तुझं दुखणं काढलं, तुला पोचवलं, आणि त्यानंतर त्याच बंदुकांवर माझं पोट भरलं.

एक गोष्ट तुला कळू दिली नाही. त्या रात्री मी जेवले नाही, पुढं कितीतरी दिवस तुझ्याशी बोलले नाही. तुला वाटलं राग तुझ्यावर आहे. होताच. पण त्याहून जास्त त्याच्यावर होता. मी त्याच्या भल्याचं सांगत होते, आणि त्यानं सगळ्यांसमोर मला झिडकारलं. हे बोलले असते तर तुझं दुसरं कारण खरं ठरून तू जिंकली असतीस. म्हणून तुझा शेवटचा श्वास जाईपर्यंत मी तोंड उघडलं नाही. हे सगळं लिहिलेला हा कागदही आता चुलीत घालते. तेवढं समाधान तुला द्यायला माझं मन अजून धजत नाही.