वेसण दादाच्या हाती

१० जानेवारी १९८१, तळेगाव

युनिट उतरलं. दोन बस, जनरेटरची गाडी, हिरोसाठी वेगळी फियाट. बाजार अर्धा बंद, सगळे बघायला.

इतकी वर्षं मुंबईत पडायचंच काम केलं. जिन्यावरून पड, घोड्यावरून पड, तोंड मात्र कॅमेऱ्याकडे करायचं नाही. या पिक्चरमध्ये पहिल्यांदा नाव आहे, डायलॉग आहेत. पाटलाचा माजलेला भाऊ. शूटिंगही माझ्याच गावात. डायरेक्टरला शंकरपट, म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत, दाखवायचा होता, पटाची खरी जोडी कुठे मिळेल म्हणून विचारत होता. मीच बोललो, माझ्या दादाकडे.

दादाने सोन्या-परधानची शिंगं रंगवली. मला म्हणाला, "तू मुंबईले काय करतं मले समजत नाई. पण जोडी पाह्यजो, कशी उभी राह्यते."

१३ जानेवारी

लाठीची मारामारी. हिरोने लाठी माझ्या कपाळाच्या वीतभर अलीकडे थांबवायची, असं फाइट मास्टरने दहादा दाखवलं. आमचे हिरोराजे थांबलेच नाहीत. भुवई फुटली, डोळ्यात रक्त. डायरेक्टर ओरडतोय, वसंतराव, पुसू नका, पुसू नका! तेच रक्त घेऊन पुढचा शॉट दिला. हिरोने सॉरी म्हणून चहा पाठवला. गार होता.

वहिनीने हळद दाबली. असं रोज असते का भाऊजी? म्हटलं, रोज नाही, रविवारी सुट्टी. हसली नाही.

१७ जानेवारी

कडब्याच्या गंजीला आग लावली. हिरोईनने गंजीजवळून पळत यायचं. पदर नायलॉनचा. मी सकाळीच सांगितलं होतं, सुती साडी द्या. नायलॉन कॅमेऱ्यात छान उडतो म्हणे. उडालाच. उडून गंजीवर पडला आणि पाठीपर्यंत पेट घेतला. मी तिला खाली पाडलं, लोळवलं, हातानेच विझवलं. ती इतकी घाबरली की मलाच चावली. नायलॉन कातडीला चिकटला होता, साडी सोडवताना दंडाची साल निघून आली. तिचं ते ओरडणं अजून कानात आहे.

डायरेक्टरने कॅमेरावाल्याला काय विचारलं? "चालू होता ना?" चालू होता. तो शॉट ठेवणार आहे म्हणे. हात गार पाण्याच्या परातीत बुडवून बसलो आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

तिच्यासोबत वर्ध्याला गाडीत बसून गेला तो एकटा देवधर. असिस्टंट आहे, पुण्याचा, जाड चष्मा, बोलणं हळू. बरा माणूस.

२१ जानेवारी

उद्या पटाचं शूटिंग. देवधर संध्याकाळी घरी आला, पट कसा सुटतो ते दादाला विचारायला. दादाची वऱ्हाडी त्याला निम्मी कळत नव्हती, मधे मी. धुरकरी, म्हणजे हाकणारा, छकडीवर बसतो, ती पटाची हलकी गाडी. एक जण पुढे उभा राहून दोन्ही बैलांच्या वेसणी धरतो. झेंडी खाली आली की वेसणी सोडायच्या आणि बाजूला उडी. उशीर झाला तर पट गेला, लवकर झाला तर पट बाद. आमच्या जोडीच्या वेसणी कायम दादाच धरतो. गावात म्हणतात, याचे डोळे झेंडी पाहत नाहीत, हातच पाहतात. दादा लाजला. देवधरने त्याचे हात खरंच निरखून पाहिले.

उद्याचा माझा शॉट सोपा. हिरो छकडीवर, मी सोन्याचं शिंग धरून त्याला धमकी देतो, की जिंकलास तर जिवंत जाणार नाहीस. यात झेंडी नाहीच. झेंडी आणि धाव नंतर वेगळी घेणार.

४ फेब्रुवारी, वर्धा, दवाखाना

आज पेन धरता आलं.

उजवा पाय गुडघ्याखाली मोडला, बरगड्या गेल्या, जबड्याला टाके. हिरोचं गळपट्टीचं हाड मोडलं, त्याला मुंबईला नेलं.

लिहून टाकतो. गर्दी दूर होती, बांधापलीकडे. गर्दीने कधी ओरडायचं ते कळावं म्हणून देवधर रुमाल हलवणार होता. तालमीत रुमाल कोणाला दिसेना. म्हणून त्याने खांबावरची पटाची झेंडीच काढून घेतली. माझी पाठ तिकडे, मला काही माहीत नाही. दादा सोन्याच्या अंगाला उभा, तोंड धावेकडे, झेंडी समोर, वेसणी हातात. मी डायलॉगच्या मध्यावर होतो. झेंडी खाली आली असणार, गर्दी ओरडली. आणि मी दादाचे हात पाहिले.

बोटं उघडली. मुद्दाम नाही, दचकून नाही. नेहमीसारखी. मग तो नेहमीसारखाच बाजूला उडी मारून गेला आणि मी राहिलो.

सोन्याचा खूर छातीवर पडला. जू जबड्यावर बसलं. मग चाक. ओला बांबू मोडावा तसा आवाज माझ्याच पायाचा आला.

५ फेब्रुवारी

पुढचं वहिनीने सांगितलं. दादा मला उचलायला आलाच नाही. तुतारी घेऊन सरळ देवधरवर धावला, बैल हाकायची ती टोकाची काठी. झेंडी काऊन पाडली, झेंडी काऊन पाडली, एवढंच ओरडत होता आणि मारत होता. मग गाव तुटून पडलं. देवधर हात जोडून उभा होता म्हणे, पळालासुद्धा नाही. चष्मा डोळ्यात फुटला. डावा डोळा गेला.

पोलीस येऊन गेले. कोणी मारलं? गर्दीनं. गर्दीत कोण? माहीत नाई. सगळं गाव एका तोंडाने. शू. बंद.

९ फेब्रुवारी

दादा आला. मोसंबी आणली. खाली मान घालून सोलत बसला. म्हणाला, "सारं गाव म्हणते, त्या चष्मेवाल्यानं तुले मारलं."

मला राहवलं नाही. एका माणसाचा डोळा गेलाय. म्हटलं, "दादा, वेसण तुह्या हातात होती."

त्याने माझ्या थोबाडीत मारली. टाके घातलेल्या जबड्यावर. सिस्टर धावत आली. दादा मोसंबी तशीच टाकून निघून गेला. मी रडलो. लिहायला लाज कसली, रडलो, आणि दुखलं म्हणून नाही.

१४ फेब्रुवारी

वहिनी एकटीच आली, मनगटाला फडकं. खोदून विचारलं तेव्हा बोलली. त्या दिवशी दादा इथून थेट गोठ्यात गेला आणि सोन्याला मारत सुटला. ज्या बैलाला स्वतःच्या आधी खाऊ घालतो त्याला. पाठ सोलून काढली. सोन्या खुंट्याला बांधलेला, जाणार कुठे? शेवटी वहिनी मधे पडली, एक फटका तिलाच बसला. तेव्हा थांबला. तेव्हापासून गोठ्यातच बसून राहतो. म्हणाली, "भाकरी नेली तर खात नाई. आपलेच हात पाह्यत बसून राह्यला."

२० मार्च, तळेगाव

घरी आणलं. प्लास्टर निघालं, पाय किंचित तिरपा बसलाय. दादा समोर येत नाही. मी ओसरीवर आलो की तो शेतात, मी जेवायला बसलो की तो गोठ्यात. बोललो ते खोटं नव्हतं. पण या घरात माझ्याशी बोलायला सोन्याच उरलाय, आणि त्याच्याही पाठीवर वळ आहेत.

११ एप्रिल

दुपारच्या एस.टी.ने देवधर आला. काळा चष्मा. वहिनीने पाणी आणून दिलं.

त्याने मुंबईत तो शॉट पडद्यावर पाहिलाय. कॅमेरा चालूच होता, आमच्या डायरेक्टरचा कॅमेरा बंद असतो कधी? सगळं आलंय. म्हणाला, "झेंडी फ्रेममध्ये नाही. तुमच्या भावाचे हात आहेत. अगदी स्वच्छ." डायरेक्टर भलता खूश आहे, असा शॉट मागून मिळत नाही म्हणतो. पिक्चरमध्ये तोच ठेवणार.

म्हणजे पिक्चर आष्टीच्या टॉकीजला लागणार, जत्रेच्या तंबूत इथे तळेगावला लागणार, आणि सगळं गाव पाहणार. भावाला बैलांखाली कोणी सोडलं ते. देवधरला मारणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण होता ते गावाला माहीतच आहे. दादा त्यानंतर जगणार नाही. हे मी उगाच लिहीत नाही. विहीर गोठ्यामागेच आहे.

मी विचारलं, तुमच्यावरचा डाग जाईल, मग तुम्ही सांगायला कशाला आलात? म्हणाला, "डोळा काही परत येत नाही. झेंडी मीच खाली केली, ते मी कबूल करतो. तुमच्या भावानं एकदा मला म्हणावं, की हात माझा सुटला. पोलीस नको, काही नको." डायरेक्टरलाही त्याने विचारून ठेवलंय. उत्तर असं, की वसंता पुन्हा बैलांपुढे उभा राहून तोच शॉट देत असेल तर जुना फेकतो, नाहीतर तोच राहील.

हे सगळं ओसरीवर झालं. गोठ्याचं दार अर्धं उघडं होतं. दादाने ऐकलं. बाहेर आला नाही. देवधर पाचच्या गाडीने गेला.

१२ एप्रिल

गोठ्यात गेलो. म्हटलं, मी पुन्हा उभा राहतो, वेसण तू धरायची.

"मह्या हातानं पुन्हा नाई. दुसरा पाह्य."

म्हटलं, "दुसऱ्याच्या हातात जोडी असली तर मी उभा राह्यत नाई. राहू दे मंग जुनाच."

दादा म्हणाला, "तुले भेव नाई वाटत माहं?"

म्हटलं, वाटते. खोटं कशाला बोलू. सोन्याने कान हलवला तरी मी मागे सरकतो. पण दुसऱ्याला धरू दिलं तर गावाला पिक्चर लागायच्या आधीच कळेल, आणि दादा जन्मभर हात मांडीवर ठेवून बसेल. ते मला बघवणार नाही. हे त्याला बोललो नाही, इथेच लिहितोय.

हो म्हणाला नाही. संध्याकाळी दोन्ही बैलांना विहिरीवर नेऊन धुतलं. सोन्याच्या पाठीवर तेल लावलं.

२८ एप्रिल, पटाच्या धावेवर

ऊन असं की माती पोळते. युनिट अर्धंच आलंय. हिरो छकडीवर चढायला तयार नव्हता, डायरेक्टरने समजूत घातली. गर्दी बांधापलीकडे, तीच माणसं, पुन्हा भाड्याने. मी सांगून पाहिलं, या वेळी गर्दीला शिट्टी द्या, झेंडी नको. डायरेक्टर म्हणाला, गेल्या वेळी झेंडीवर गर्दी काय सुंदर ओरडली होती. या माणसाला काय म्हणावं.

झेंडी देवधरकडेच. त्याने ती मागून घेतली.

तालमीआधी दादा त्याच्याकडे चालत गेला. सगळं गाव बघत होतं. मला वाटलं, आता पुन्हा होतं काहीतरी, मी काठी टेकत मागे निघालो. दादा त्याच्यापुढे उभा राहिला. मग त्याने दोन्ही तळहात उघडून देवधरच्या पुढे धरले, काही दाखवावं तसे. म्हणाला, "तुम्ही पाडा झेंडी. या खेपेले सुटणार नाई."

देवधर त्या हातांकडे पाहत राहिला. त्याला एवढं पुरलं की नाही, मला कळलं नाही.

दादा परत आला. सोन्या-परधानच्या वेसणींच्या दोऱ्या त्याने एकत्र घेतल्या आणि उजव्या मनगटाला दोन वेढे दिले, वर गाठ मारली. मी म्हटलं, दादा, जोडी सुटली तर तू फरपटत जाशील, हात उखडून निघेल. म्हणाला, "सोडतो म्हटलं तरी आता सोडता येत नाई." गाठ सोडायला मी हात पुढे केला तर त्याने माझा हात बाजूला सारला. हळूच.

ढग आलाय म्हणून थांबलोय, छकडीच्या सावलीत बसून लिहितोय. वहिनी बांधावर उभी आहे, पदर तोंडात. मी डायलॉग आठवून पाहतोय, जिंकलास तर जिवंत जाणार नाहीस, आणि पुढचं वाक्य येतच नाही.

ढग सरकला. देवधरने झेंडी वर केलीय. हाक मारतायत.